पाटाच्या बायकोचा मुलगा वंशावळीत कुठे लिहायचा?

प्रश्न : आम्ही घराण्याचा कुलवृत्तांत छापतोय. आजोबांचा जन्म १९३९ चा. पहिली बायको हयात असताना पणजोबांनी एका विधवेशी पाट लावला, म्हणजे रूढीप्रमाणे पुनर्विवाह केला, तिचा हा मुलगा. ही पाटाची पणजी शेवटपर्यंत त्याच वाड्यात राहिली. १९५३ मध्ये पणजोबा वारले, तेव्हा वारसाच्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या दप्तरातल्या नोंदीत, फक्त थोरलीच्या मुलांची नावं लागली. आता चुलत घरातले म्हणतात, "ती ठेवलेली बाई, मुलगा अनौरस. नाव छापलंत तर कोर्टात खेचू." काय करावं?

उत्तर : नाव छापा, आणि सावत्र भावांच्याच ओळीत छापा.

१९३९ च्या नात्याला आजचा कायदा लावायचा नसतो. हिंदू पुरुषाला दुसऱ्या लग्नाची बंदी मुंबई प्रांतात आली ती १९४६ च्या द्विभार्या प्रतिबंधक कायद्याने. देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. विधवाविवाहाला १८५६ पासून मान्यता होती. तुमच्या जातीत पाटाची रूढी असेल, तर पाट हे कायद्याने लग्नच आणि आजोबा औरस.

पुरावा मागतील. पाटाला ना पत्रिका, ना वाजंत्री. पुष्कळदा तो रात्री चार माणसांत उरके. त्यामुळे कागद नाही म्हणून लग्नच नव्हतं, असं होत नाही. स्त्री-पुरुष वर्षानुवर्षं नवरा-बायको म्हणून नांदले की कायदा लग्न गृहीत धरतो. नव्हतं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये, सुमारे पन्नास वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याच्या प्रकरणात, हेच सांगितलं.

तरीही हाती काही असू द्या. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक (गावाची जन्म-मृत्यूची नोंदवही), मागा. नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या आणि बापाच्या नावाच्या खान्यात काय आहे ते पाहा. शाळेचं दाखलखारीज रजिस्टरही बघा. आणि आजोबांची लग्नपत्रिका शोधाच. निमंत्रकांत सावत्र भावांची नावं असतील, तर त्यांनी स्वतःच्या हाताने नातं कबूल केलेलं आहे. घरच्यांच्या अशा वागण्याला साक्षीच्या कायद्यात किंमत आहे. फेरफाराचं दडपण घेऊ नका. तो सरकारी वसुलीसाठी असतो, त्यावरून मालकीही ठरत नाही, मग औरसपणा कुठून ठरणार?

त्यांची खरी भीती जमिनीची असावी. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळलं गेल्याचं कळल्यापासून १२ वर्षांत दावा लावावा लागतो. आजोबांना ते तेव्हाच ठाऊक असेल, तर ती मुदत केव्हाच टळली. कुलवृत्तांतात नाव आल्याने ती पुन्हा सुरू होत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या रेवणसिद्धप्पा निकालाचा हवाला कुणी दिला, तर तो १९५५ च्या कायद्याखाली रद्दबातल ठरणाऱ्या लग्नांतल्या मुलांबद्दल आहे. इथे लागू नाही.

अब्रुनुकसानीचा धोका आहे, पण तो उलट बाजूने. नातेवाइकांना दुखावण्याच्या हेतूने मृत व्यक्तीची बदनामी करणं हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा ठरू शकतो. पणजीला 'ठेवलेली' म्हणणाऱ्यांनी जपून बोलावं. मला या पत्रात सर्वांत जास्त तेच लागलं.

पाट अगदीच सिद्ध झाला नाही, तरी आजोबांपुढे आई आणि वडील दोघांची नावं लिहा. 'अनौरस' हा शब्द छापू नका. तो ठरवायचा अधिकार कोर्टाचा आहे, संपादक मंडळाचा नाही.