रग्बी लीगमध्ये आमचा संघ दर सामन्यात तेच तेच का खेळतो? प्रेक्षकांना जे आधीच कळतं ते प्रशिक्षकाला कळत नाही का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की सिडनीत येऊन वर्ष झालं, ऑफिसातल्या मंडळींमुळे लीगचा नाद लागला आणि आता "तीन धडका मधून, एक पास डावीकडे, मग किक" हे बघून डोकं फिरतं. संघाचं नाव लिहिलं नाहीत ते बरं केलंत. मीही माझ्या संघाचं लिहीत नाही. सतराच्या सतरा संघांचे पाठीराखे हीच तक्रार करतात, आणि प्रत्येकाला वाटतं की हा भोग फक्त आपल्याच वाट्याला आलाय.

माझ्या शेजारच्या सीटवर एक आजोबा असतात. एका कानात रेडिओ, मांडीवर थर्मास. खेळाडू पडला, उठला, चेंडू पायामागे सरकवला, की तेवढ्यात ते पुटपुटतात, "मधून." पुन्हा "मधून." पुन्हा. मग "डावीकडे." मग "वर मारणार." चुकत नाहीत. एकदा माझ्या मुलीने कंटाळून वहीत बाण काढायला घेतले. मध्यंतरापर्यंत पान डावीकडच्या बाणांनी भरलं. उजवीकडे दोनच, आणि त्यातला एक चेंडू हातातून निसटला म्हणून तिकडे गेला होता. "बाबा, हे तर मलासुद्धा अडवता येईल," ती म्हणाली. मीही तेव्हा तावातावाने तेच बोलायचो. आता माझं मत जरा वेगळं आहे.

आधी हे बघा की हा खेळच असा का झाला. तुमच्या हातात सहा टॅकल असतात, म्हणजे चेंडू धरलेल्या माणसाला समोरचे सहा वेळा पाडू शकतात. सहाव्यांदा पडलात की चेंडू समोरच्याचा, म्हणून पाचव्यानंतर किक मारून तो लांब ढकलायचा. पूर्वी अशी मर्यादाच नव्हती, चेंडू वाटेल तितका वेळ दाबून ठेवता यायचा. सिडनीच्या सेंट जॉर्ज संघाने 1956 ते 1966 अशी सलग 11 विजेतेपदं घेतली ती त्या काळात. 1967 मध्ये ऑस्ट्रेलियात चार टॅकलची मर्यादा आली, पण चारात काही जुळेना, नुसती घाई व्हायला लागली. 1971 मध्ये सहा केले आणि आजचा साचा तिथून घडत गेला.

आपण कबड्डी बघत वाढलेली माणसं, त्यामुळे खरं तर हे आपल्याला चटकन कळायला हवं. प्रो कबड्डीत चढाईपटू दोनदा निदान रेषा ओलांडतो, हात फिरवतो, परत येतो. गुण नाही, काही नाही. नवखा माणूस म्हणतो, हा नुसता फेऱ्या मारतोय. पण तिसरी चढाई करो वा मरो असते आणि पहिल्या दोन त्याच्यासाठीच केलेल्या असतात. लीगमधल्या पहिल्या तीन धडकांचं तसंच आहे. प्रत्येक धडकेनंतर बचावाच्या रांगेला दहा मीटर मागे जावं लागतं. शंभर किलोच्या वर वजनाचा प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतला धिप्पाड गडी, जोरात आला, त्याला पाडायला तिघे लागले, तर ते तिघे मागे पोचायच्या आत पुढचा डाव सुरू होतो. मधली धडक काही मीटरसाठी असतेच, पण त्याहून जास्त ती समोरच्याची रांग विस्कटण्यासाठी असते. शिवाय स्वतःच्या हद्दीत कल्पक पास करायला गेलात आणि चेंडू सांडला, तर समोरच्याला तुमच्या दारात सहा टॅकल फुकट. प्रशिक्षकाची नोकरी जाते ती अशा सांडलेल्या चेंडूंमुळे, कंटाळवाण्या धडकांमुळे फारशी नाही.

आणि कंटाळवाणं खेळून जिंकता येतं, हे लीगच्या इतिहासात जागोजागी आहे. 1986 ची अंतिम लढत पॅरामॅटाने कॅंटरबरीविरुद्ध 4-2 अशी जिंकली. दोन्ही संघांचा मिळून एकही ट्राय नाही, म्हणजे समोरच्याच्या रेषेपलीकडे चेंडू कुणी टेकवलाच नाही, सगळे गुण पेनल्टी किकचे. पॅरामॅटातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, तो सामना कंटाळवाणा होता असं त्याच्या तोंडून निघणार नाही. त्यानंतर 2001, 2009 आणि 2022 ला अंतिम फेरी गाठूनही हाती काही लागलं नाही, मग आठवण गोड का होणार नाही!

आता पेनरिथचा संघ घ्या. 2021 ते 2024 सलग चार विजेतेपदं. ते काय करणार हे सगळ्या देशाला तोंडपाठ होतं. किक पकडली की मागचे तिघे, त्यात ब्रायन टोओ, भिंतीवर आदळल्यासारखे परत धावणार. मग प्रॉप. मग त्यांचा हाफबॅक, म्हणजे डाव चालवणारा, नेथन क्लिअरी चेंडू इतका उंच मारणार की खाली उभ्या फुलबॅकला, म्हणजे सगळ्यात मागच्या खेळाडूला, विचार करायला नको इतका वेळ मिळावा. पहिले पाढे पंचावन्न. तरी थांबवता आलं नाही. 2023 च्या अंतिम सामन्यात ब्रिस्बेन 24-8 ने पुढे होतं, वीसेक मिनिटं उरली होती. घाबरून पेनरिथने काही अचाट केलं का? नाही. त्याच धडका, तोच वेग. त्यातून क्लिअरीने एक 40/20 काढली, म्हणजे आपल्या 40 मीटरच्या आतून मारलेला चेंडू टप्पा खाऊन समोरच्याच्या 20 मीटरच्या आत बाजूच्या रेषेबाहेर गेला आणि ताबा परत त्यांचाच. शेवटचा ट्रायही त्यानेच केला. 26-24.

मग आपला राग खोटा का? नाही. राग खरा आहे, फक्त आपण त्याला नाव चुकीचं देतो. डाव ओळखता येणं हा दोष नाही. ओळखूनही समोरच्याला विचार करावा लागत नाही, हा दोष आहे.

हे मला कळलं ते एकदा तिकीट स्वस्त पडलं म्हणून गोलखांबांच्या मागे, अगदी वर बसलो तेव्हा. तिथून चेंडूपेक्षा रांग जास्त दिसते. तुमचा तो "डावीकडचा पास" म्हणजे बहुतेक असा असतो: हाफबॅककडे चेंडू, त्याच्या जवळून एक फॉरवर्ड, म्हणजे धडका मारणाऱ्या वजनदार गड्यांपैकी एक, सरळ आत घुसतोय आणि त्या फॉरवर्डच्या पाठीमागून फुलबॅक वळसा घालून येतोय. हाफबॅकपुढे दोन वाटा. पुढच्याला छोटा पास किंवा मागच्याला लांब पास. समोर कडेपासून तिसरा जो बचावपटू असतो, सगळं त्याच्यावर आहे. फॉरवर्डला धरायचं की बाहेर सरकायचं, हे त्याला डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं असतं.

त्या दिवशी मी चेंडू सोडून फक्त त्या तिसऱ्या माणसाची कंबर बघत होतो. पहिल्या दोन वेळा ती सरळ होती. तिसऱ्या वेळी जरा वळलेली. चौथ्या वेळी आमच्या हाफबॅकने चेंडू हातात घेतला नव्हता तोवर त्याची कंबर आणि दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला वळलेले. फॉरवर्ड त्याच्या अंगावर धावत येत होता, आणि त्याने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. का बघावं? तासभरात त्या फॉरवर्डला एकदाही चेंडू मिळाला नव्हता. तो बिचारा नुसता लग्नाच्या वरातीत पुढे नाचणाऱ्या पाहुण्यासारखा धावत होता.

पहिल्या दहा मिनिटांत त्याला दोनदा छोटा पास दिला असता, चार-पाच मीटरच मिळाले असते, तरी उरलेला सामना त्या बचावपटूची कंबर सरळ राहिली असती. डाव तोच, नकाशा तोच. हे प्रशिक्षकाला कळतं, शंभर टक्के कळतं, त्याच्याकडे आपल्यापेक्षा जास्त व्हिडिओ आहेत. पण छोटा पास द्यायचा तर हाफबॅकला रांगेच्या अगदी जवळ जाऊन, मार खायची तयारी ठेवून, शेवटच्या क्षणी ठरवावं लागतं. त्यासाठी आधीच्या धडकेनंतर चेंडू झटकन खेळता यायला हवा. आमचे प्रॉप पाठीवर पडायचे, वर तिघे बसायचे, उठेपर्यंत समोरची रांग ताजीतवानी. मग हाफबॅक लांब उभा राहतो आणि आधीच ठरवलेला पास देऊन मोकळा होतो. आपल्याला दिसतो तो पास. बिघाड त्याच्या दोन टॅकल आधी झालेला असतो.

म्हणून पुढच्या सामन्याला एवढं करा: दुसऱ्या-तिसऱ्या धडकेनंतर आपला माणूस पोटावर पडतोय की पाठीवर, ते बघा. पोटावर पडला तर लवकर उठेल. "डावीकडेच जाणार" म्हणून चिडण्यापेक्षा "पुन्हा पाठीवर पडला" म्हणून चिडणं जास्त रास्त आहे, आणि ऑफिसात सोमवारी जरा वजनही पडतं.

एका गोष्टीची बाजू मात्र मी घेऊ शकत नाही. समोरच्याच्या रेषेपासून पंधरा मीटरवर, पाचवा टॅकल, आणि किक थेट फुलबॅकच्या छातीवर, तीही उडी न मारता झेलता येईल अशी. याला ना दमणूक कारण, ना नियम. तेव्हा मी उठून "अरे काय रे हे!" म्हणून ओरडतो, शुद्ध मराठीत. आजोबांना आता ते पाठ झालंय. हाफबॅकने पाय मागे घेतला की ते थर्मास खाली ठेवतात आणि माझ्या आधी म्हणतात, "आरे काय रे."