खोडवा मोडू का, मका लावू?

(साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत २७ वर्षं उसाचा रस तपासून निवृत्त झालेल्या आणि आता श्रीरामपूरजवळ तीन एकर शेती स्वतः बघणाऱ्या आमच्या ताई वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

ताई, राम राम. माझी चार एकर जमीन नेवासा तालुक्यात, कालव्याच्या शेपटाला आहे. दोन एकर विहिरीजवळ, दोन एकर लांब. आडसाली (दीड वर्षाचा) ऊस जानेवारीत तुटेल. सगळे म्हणतात पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलमुळे मक्याला दिवस आलेत, खोडवा ठेवू नको, म्हणजे तुटलेल्या बुडख्यांतून ऊस पुन्हा वाढवू नको. कारखान्याचा शेतकी माणूस म्हणतो, इथेनॉलमुळे उसालाच दिवस आलेत. कोणाचं ऐकू?

भाऊ, राम राम. दोघांचंही ऐकू नका. दोघंही तुम्हाला पेट्रोल पंपावरची गोष्ट सांगताहेत, आणि तुमचा प्रश्न पाण्याच्या पाटावरचा आहे.

आधी उसाचं. उसाचं बिल इथेनॉलवर निघत नाही, साखरेच्या उताऱ्यावर, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघते त्यावर निघतं. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचाच असा सरकारने ठरवलेला किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. उतारा पॉइंट एकने घसरला की ३४ रुपये ६० पैसे कमी, आणि साडेनऊच्या खाली सगळ्यांना एकच दर. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. कारखान्याने बी-हेवी मळी (सगळी साखर न काढता ठेवलेली मळी) आसवनीकडे, म्हणजे इथेनॉल बनवायला, वळवली की साखर कमी निघते आणि उतारा पडलेला दिसतो. ती घट हिशेबात परत मिळवूनच एफआरपी काढायची असते, म्हणजे तुमचं नुकसान व्हायला नको. पण फायदाही तिथेच थांबतो. कारखाना आणि शेतकरी यांच्यातल्या महसूल वाटणीच्या सूत्रात साखर, मळी, बगॅस (चिपाड) आणि प्रेसमड (रसातला गाळ) धरतात. मळीचं पुढे इथेनॉल झालं की तो नफा आसवनीचा. मी प्रयोगशाळेत होते तेव्हा शेतकरी खिडकीशी येऊन विचारायचे, "बाई, स्पिरिटचे पैसे कुठं दिसतात बिलात?" मी म्हणायचे, "मी रसाची गोडी मोजते, नफ्याची मोजायचं यंत्र मला दिलेलं नाही." हसायचे बिचारे.

आता हिशेब. आकडे माझ्या आणि शेजाऱ्यांच्या वहीतले आहेत, तुमचे थोडे हलतील. खोडवा एकरी २८ टन धरा. तोडणी-वाहतूक जाऊन हातात २,६५० पडले तर ७४,२०० रुपये. खर्च २९,००० गेला की उरले ४५,२००, पण बारा महिन्यांचे. खरिपाचा मका २४ क्विंटल. २०२५-२६ चा हमीभाव २,४०० होता, पण आमच्याकडे व्यापारी ओला मका १,७०० ला मागत होता, म्हणून मी १,९०० च धरते. ४५,६०० आले, खर्च २४,००० गेला, २१,६०० राहिले. मागून हरभरा सात क्विंटल, ५,४०० ने ३७,८००, खर्च १६,००० काढला की २१,८००. दोन्ही मिळून ४३,४००.

म्हणजे बरोबरीच झाली की! मग फरक कुठे? पाण्यात. खोडव्याला पाटाने वीस-बावीस पाण्याच्या पाळ्या लागतात आणि त्यातल्या सगळ्यात महागड्या एप्रिल-मेच्या. शेपटाला तेव्हा कालव्याचं आवर्तन (सोडलेलं पाणी) पोचतं का, हे तुम्हीच मला सांगा. नाही पोचलं तर खोडवा १८ टनावर येतो. तोच हिशेब परत मांडा: ४७,७०० वजा २९,०००, हाती १८,७००. मक्याला पावसाने ताण दिला तर दोन पाणी, हरभऱ्याला दोन-तीन. उन्हाळा तर रानात पीकच नाही.

म्हणून माझं सांगणं असं: विहिरीजवळच्या दोन एकरात खोडवा ठेवा, लांबचे दोन एकर मोडा. मोडलेलं रान उन्हाळ्यात तापू द्या. जानेवारीत लगेच मका टोकायच्या मोहात पडू नका, उन्हाळी मक्यालाही तेच मे महिन्याचं पाणी लागतं. जूनमध्ये ओल बघून खरिपाचा टोका.

ठेवलेल्या खोडव्यात मात्र पाचट (उसाची वाळकी पानं) पेटवायचं नाही. बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा. पाचटाच्या टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी द्या. एकरी तीन-चार टन पाचट निघतं, ते मे महिन्यात तुमच्यासाठी ओल धरून ठेवतं. माझ्या शेजाऱ्याने गेल्या वर्षी पेटवलं. धूर माझ्या ओसरीत आला, ओल त्याच्या रानातून गेली.

मक्यात लष्करी अळी येणारच. २०१८ मध्ये ती आपल्याकडे आली आणि इथलीच झाली. उगवल्यापासून दर दोन दिवसांनी पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या पानांत) डोकावा. लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसली तर समजा पाहुणी आत आहे. फवारा पोंग्यात पडला पाहिजे, पानावरून मारलेलं औषध वाया जातं.

मी पुण्यात शाळेत शिकवते. माणसांच्या तोंडचं अन्न गाडीच्या टाकीत घालणं बरोबर आहे का? वर्गात मुलं विचारतात आणि मला धड उत्तर देता येत नाही.

ताई, मुलांना आधी हे सांगा की 'अन्न' म्हणजे नेमकं काय, यावर सगळं अडतं.

उसाचा रस तीनदा शिजवून तीनदा साखर काढतात. शेवटी उरते ती सी मळी. काळी, घट्ट, वासाने डोकं उठवणारी. ती कुणी खात नाही. तिचं इथेनॉल केलं तर तोंडचा घास जात नाही. एक पायरी आधी थांबलात तर बी-हेवी, तिच्यात थोडी साखर गेली. थेट रसापासून केलं तर सगळीच साखर गेली. सरकारलाही हे माहीत आहे. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, साखर घटेल म्हणून ७ डिसेंबरला रसापासून इथेनॉल करायला बंदी आली. आठवड्याभरात ती ढिली करून १७ लाख टन साखरेपुरती परवानगी दिली. माझा भाचा तेव्हा आसवनीत नोकरीला होता. नव्या टाक्यांवरचा रंगही वाळला नव्हता, आणि त्या आठवड्यात तो रोज फोन करून विचारायचा, "मावशी, आता?" मी काय सांगणार!

रस थांबला तसा मका पुढे आला. मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे असा सगळ्यात वरचा भाव मिळाला. एक टन मक्यातून साधारण ३८० लिटर निघतं. मका आपल्याकडे भाकरीला थोड्या भागात जातो, बाकीचा कोंबड्यांना आणि स्टार्चला. म्हणून गाडीने घास काढला तो पहिल्यांदा कोंबडीचा. २०२४ मध्ये मका विकणारा आपला देश मका विकत घ्यायला लागला, म्यानमारमधून आणि युक्रेनमधून. कोंबडीवाल्यांची ओरड तुम्ही वाचली असेल.

पण मला जास्त बोचलं ते वेगळंच. मका आंबवून मद्यार्क काढला की प्रथिनांनी भरलेला चोथा उरतो. तो वाळवून पशुखाद्यात जातो, स्वस्त पडतो. मग सोयाबीनच्या पेंडीला कोण विचारतं? २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात कित्येकांना त्याच्या बऱ्याच खाली विकावं लागलं. कारणं दुसरीही होती, पण हा चोथा त्यातला एक. ज्या घराने एका पट्टीत मका लावला आणि शेजारच्या पट्टीत सोयाबीन, त्याच्या एका हाताने दुसऱ्या हातातलं काढून घेतलं. त्याला हे कुणी सांगितलंही नाही.

मुलांना फळ्यावर आणखी एक गणित द्या. ४० टनांचा एकरभर ऊस सगळा रसातून इथेनॉलला दिला तर टनाला ७० लिटरने २,८०० लिटर, वर्षभराचं. २५ क्विंटलचा एकरभर मका ९५० लिटर, चार महिन्यांत. आता विचारा, पाणी कोणाचं जास्त? नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच उसाच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी धरलं आहे. ब्राझीलने १९७५ पासून उसावर गाड्या चालवल्या, पण तिथला बराचसा ऊस पावसावर येतो. आपला पाटावर येतो. ब्राझीलचं नाव घेणारे पुढारी एवढं एक वाक्य गाळतात.

तुमचं उत्तर? सी मळीला माझं हो. रसाला, दुष्काळाच्या वर्षी, माझं नाही. मक्याला हो, पण सोयाबीनवाल्याचं काय केलं ते आधी सांगा. वर्गात तीन उत्तरं चालतात ना?

लागणीच्या उसात आंतरपीक म्हणून मका घेतला तर चालेल का? सासूबाई म्हणतात नको. (वैजापूर)

सासूबाईंचं ऐका. मी ऐकलं नव्हतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सुरूच्या (हिवाळ्याच्या शेवटी लावलेल्या) उसात सरीच्या बगलेला मका टोकला. कणसं झकास आली, घरभर वाटली. ऊस मात्र फुटवाच करेना. मका उसाच्या वर जातो, सावली धरतो आणि दोघंही नत्राचे खादाड. बांधणीला आमचे मामंजी रानात आले, सरीत उभे राहिले आणि काही न बोलता परत गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या) लागणीत कांदा किंवा हरभरा घ्या. जनावरांना मका हवाच असेल तर वेगळ्या वाफ्यात, कणीस चिकात आलं की कापून मुरघास करा.

वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून माझ्या जुन्या स्कूटरचं ॲव्हरेज पडलंय. माझा भास की खरं?

खरं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असते. जुन्या दुचाकींना तीन-चार टक्के फटका बसेल, असं सरकारी आराखड्यातच लिहिलं होतं. ५० जायची तिथे ४८ जाईल. त्याहून जास्त पडलं असेल तर दोष स्कूटरचा. रबरी नळ्या कडक झाल्यात का, मेकॅनिकला बघायला सांगा.

मका वाळला की नाही हे घरी कसं ओळखायचं? मार्केटमध्ये मीटर लावतात आणि भाव पाडतात.

पाडतातच. २०२२ मध्ये माझ्या ट्रॉलीचे क्विंटलमागे दोनशे असेच गेले, आणि चूक माझी होती. दाणा दाताखाली कट्‌कन वाजला म्हणून मी भरला, मीटरने १९ टक्के दाखवले. १४ लागतात.

आता मी काचेची कोरडी बरणी घेते. मूठभर मका आणि दोन चमचे कोरडं मीठ टाकून झाकण घट्ट लावते, दोन मिनिटं हलवते आणि पंधरा मिनिटं ठेवते. मीठ काचेला चिकटलं तर दाण्यात अजून पंधराच्या वर ओल आहे, ताडपत्रीवर आणखी दोन उन्हं द्या. मीठ खाली सुटं बसलं तर ट्रॉली जोडा. मीठ मात्र आधी तव्यावर भाजून घ्या, पावसाळ्यातलं मीठ स्वतःच ओलं असतं.