दाढी केली की मानेवर फोड

प्रश्न : डॉक्टर, मी हॉटेलात फ्रंट डेस्कला आहे, वय २६, रोज क्लीन शेव्ह लागतेच. वर्षभरापासून मानेवर आणि जबड्याखाली लाल फोड येतात, खाजतात, काहींत पू होतो आणि नंतर काळे डाग राहतात. पाच ब्लेडवालं महागडं रेझर आणलं तर वाढलंच. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, ती लावली की आठवडाभर मस्त, बंद केली की दुप्पट. केस कुरळे आहेत. आजी म्हणते रक्त खराब आहे. काय करू?

उत्तर : आजीला सांग, रक्ताचा काही संबंध नाही. घोळ आहे कुरळ्या केसांचा आणि त्या पाच ब्लेडचा. कुरळा केस कापला की त्याला तिरकं टोक येतं आणि वाढताना तो सरळ बाहेर न येता वळून परत कातडीतच घुसतो, मग शरीर त्याला काटा समजून तिथे सूज आणतं. त्यात जास्त ब्लेडच्या रेझरमध्ये पुढचं ब्लेड केस वर ओढतं आणि मागचं कापतं, त्यामुळे केसाचं टोक कातडीच्या खाली जाऊन बसतं आणि बाहेर यायच्या आधीच आतल्या आत रुततं. कातडी ताणून खालून वर उलटी दाढी केली तरी हेच होतं, आणि मानेवर सगळे उलटीच करतात, सलूनवाला तर न विचारता करतो. हात फिरवल्यावर गाल जितका गुळगुळीत लागतो तितके फोड जास्त, असा हा उलटा हिशोब आहे.

म्हणून आधी ३-४ आठवडे ब्लेड पूर्ण बंद. दाढीचा केस महिन्याला साधारण १ सेंमी वाढतो आणि तेवढा लांब झाला की रुतलेलं टोक बरेचदा आपोआप सुटून बाहेर येतं. पहिला आठवडा वैताग येईल, खाज वाढल्यासारखी पण वाटेल, तरी थांब. मॅनेजरसाठी त्वचेच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घे. चिमट्याने केस उपटू नकोस, उपटलेला केस परत मुळापासून येतो आणि परत रुततो. वर केसाचा फास दिसत असेल तर स्वच्छ सुईने तेवढाच अलगद सोडव, बाकी खोदकाम नको.

नंतर शक्यतो ट्रिमरच वापर, १ मिमी खुंट ठेवून, समोर उभ्या गेस्टला काही कळत नाही. ब्लेडच पाहिजे असेल तर एका ब्लेडचा साधा रेझर, अंघोळीनंतर केस मऊ असताना, भरपूर जेल लावून, केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने. मानेवर ही दिशा बोटाने चाचपून बघ, डावीकडे एक आणि उजवीकडे भलतीच असू शकते. कातडी ताणायची नाही आणि एकाच जागी परत परत फिरवायचं नाही. तुरटीने रक्त थांबतं, रुतलेला केस निघत नाही, आणि सलूनमधला सगळ्यांच्या गालावर फिरणारा तोच खडा तर नकोच.

एक दिवसाआड रात्री सॅलिसिलिक किंवा ग्लायकोलिक ॲसिडचं सौम्य लोशन लाव, ताज्या दाढीवर नको, जाम झोंबेल. पुवाच्या फोडांना बेंझॉइल पेरॉक्साइड चालतं (टॉवेलचा रंग उडतो, पांढरा घे). ती ट्यूब मात्र मला स्टिरॉइडची वाटते. अशा ट्यूबने कातडी पातळ होते आणि खाली नायटा असेल तर तो झाकला जाऊन पसरतो, म्हणून ती घेऊनच डॉक्टरांकडे जा. डाग जायला महिने लागतात, सनस्क्रीन लाव. एवढं करूनही थांबलं नाही तर लेझर आहे, पण सावळ्या कातडीला एनडी-याग प्रकारचंच विचार, नाहीतर भाजल्याचे डाग पडू शकतात, आणि एका सिटिंगमध्ये काम होत नाही.

प्रश्न : मी मुलगी आहे, वय २३. हनुवटीवरचे जाड केस चिमट्याने उपटते, तिथे असेच फोड येतात. शेव्ह केलं तर केस अजून जाड होतील ना?

उत्तर : नाही गं, कापलेलं टोक बोथट असतं म्हणून ते फक्त राठ लागतं. चिमटा सोड आणि चेहऱ्याचा छोटा ट्रिमर घे. पण हे केस नवीन येत असतील, वाढत असतील आणि पाळी पुढेमागे होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून पीसीओएसची (म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी आणि केसांवर परिणाम होणारा त्रास) तपासणी करून घे, फोडांचं नंतर बघू.