चंदनाचा हार घातलेले फोटो

चि. मीरा,
अनेक आशीर्वाद.

परवा जेवताना तू विचारलेस, "बाबा, आपल्या भिंतीवर जागा मिळायला मरावे लागते का?" तुझ्या मैत्रिणीच्या घरी जिन्यालगतच्या भिंतीवर तिच्या बाळपणापासूनचे सगळे हसरे फोटो आहेत, आणि आपल्याकडे मात्र चंदनाचे हार घातलेले तीन गंभीर चेहरे, एवढेच तुला म्हणायचे होते. मी तेव्हा काही बोललो नाही. प्रश्न मनाला लागला होता, आणि तो रास्त होता म्हणूनच लागला असावा. मराठीत लिहितो आहे. एखादा शब्द अडला तर आईला विचार.

आमच्या साताऱ्याच्या घरी सोप्यात दक्षिणेच्या भिंतीवर, तुळईखाली हातभर अंतरावर, तसबिरींची एक ओळ होती. खालची कड दोन खिळ्यांवर टेकवलेली आणि वरची कड तारेने ओढून बांधलेली, त्यामुळे प्रत्येक तसबीर किंचित पुढे झुकलेली असे. जमिनीवर पाटावर बसलेल्या माणसालाही चेहरा नीट दिसावा म्हणून ती तशी लावत. सुरुवातीला रविवर्मा प्रेसमध्ये छापलेली लक्ष्मी, मग लोकमान्य टिळक, आणि त्यानंतर घरची माणसे. लहानपणी मला हे सगळे एकाच घरातले वाटायचे. पुण्याहून मुंबईला जाताना मळवली स्टेशन आले की नाना हमखास सांगत, की आपली लक्ष्मी इथली. राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत सुरू केलेला छापखाना पुढे लोणावळ्याजवळ या मळवलीला हलला, आणि नंतर फ्रिट्झ श्लाइखर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. स्टुटगार्टला आल्यावर मला ही गोष्ट फार वेळा आठवली. घराघरांतल्या भिंतींवरचे देवही एका जर्मन माणसाच्या यंत्रांवरून उतरले होते, हे आठवले की इथल्या भिंतीवर खिळा ठोकताना परके वाटत नसे.

गणपतीच्या आधी घर आवरताना या तसबिरी खाली उतरत. घडवंचीवर चढून तार सोडवण्याचे काम माझे, आणि खाली उभे राहून त्या दोन्ही हातांनी झेलण्याचे काम ताईआत्याचे. पावसाळ्यात ओल शिरून फोटो काचेला चिकटू लागला, की नाना मला घेऊन फ्रेमवाल्याकडे जात. तो पक्कडीने मागच्या चुका एकेक करून उपटायचा, पुठ्ठा उचलायचा, त्याखालचे पिवळे पडलेले वर्तमानपत्र झटकायचा आणि त्यातली कसर बोटाने चिरडायचा. मग काच पुसून सगळे परत बसवून, चारही कडांना खळ लावून, खाकी कागद चिकटवायचा. खळ वाळेपर्यंत फ्रेमला हात लावायचा नाही, असे तो मला प्रत्येक वेळी बजावायचा.

अशाच एका वेळी मी माझ्या पणजीचा चेहरा पहिल्यांदा जवळून पाहिला. तिचा एकटीचा फोटो कधी निघालाच नव्हता. कोणाच्या तरी मुंजीतल्या मोठ्या फोटोत ती मागच्या रांगेत उभी होती. ती गेल्यावर त्यातून तिचे डोके तेवढे घेऊन स्टुडिओवाल्याने मोठे करून दिले, आणि पुसट झालेला भाग ब्रशने रंगवला. डोळ्यांतली बुबुळे त्याची, पदराचा काठ त्याचा, नाकातली नथही त्याचीच. माईआजी म्हणायची, "आमच्या सासूबाईंना नथ कुठली? होती ती कधीच मोडली." तरीही रोज संध्याकाळी दिवा लागला की ती त्याच नथीच्या फोटोला हात जोडायची. ज्या चेहऱ्याला आम्ही सगळे नमस्कार करत होतो तो निम्मा एका अनोळखी चित्रकाराने काढलेला होता, आणि माझ्या मते त्याने आमच्यावर उपकारच केले. नाहीतर ती मागच्या रांगेतच राहिली असती.

जिवंत माणसांचे फोटो आमच्याकडे अल्बममध्ये असत, आणि अल्बम जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून कपाटात. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये, म्हणून त्याला त्या ओळीतही लावू नये, असे माईआजीचे म्हणणे. का, असे विचारले तर "तसे करू नये" एवढेच उत्तर मिळे. मला ते तेव्हाही पटत नव्हते आणि आज तुला पटवून देता येईल असेही नाही. पण त्या ओळीने मला काय दिले ते सांगतो. परीक्षेला जाताना तिथे नमस्कार करायचा, निकाल लागला की पेढे आधी तिथे ठेवायचे. मी जन्मण्याआधी गेलेली माणसे माझ्या निकालाची वाट पाहत आहेत, हे मला खरेच वाटत असे. जर्मनीला निघालो त्या पहाटे मी त्यांचाही निरोप घेतला होता.

आता जे माझ्या मनात खुपते तेही लिहितो, कारण तू मुलगी आहेस. ताईआत्या गेली तेव्हा तिचा फोटो आमच्या ओळीत लागला नाही. ती लग्न होऊन गेलेली, तेव्हा तिचा फोटो सासरी लागेल, असे मोठ्यांनी ठरवले. तो तिथे लागला की नाही हे पाहायला आमच्यातले कोणी गेले नाही. वर्षानुवर्षे ज्या तसबिरी तिने हातांवर झेलल्या, त्यांच्यात तिला जागा नव्हती. त्या भिंतीचे मला कितीही प्रेम असले, तरी या गोष्टीचे समर्थन मी करणार नाही.

म्हणून माझे असे मत झाले आहे, आणि ते तू मानलेच पाहिजेस असे मुळीच नाही. दिवाणखान्यातली ओळ राहावी, पण तिच्यात ताईआत्या यावी. तिचा अल्बममधला फोटो मी काकाकडून स्कॅन करून मागवला आहे. आजीचा जो फोटो आपण लावला आहे तो पासपोर्टसाठी काढलेला आहे. ती गेली तेव्हा घाईत तोच हाताशी होता, आणि ती तशी दिसत नव्हती हे तुझे म्हणणे खरे आहे. आपल्या बाल्कनीत मेथी निवडताना ती तुझ्याकडे पाहून हसली, तो तू काढलेला फोटो मला द्यावास असे वाटते. हार मात्र मला हवा आहे; तुला तो नको असेल तर आपण बोलू. तुझे स्वतःचे फोटो कुठे लावायचे, की लावायचेच नाहीत, ते तू ठरव. मार्गिकेतली भिंत पूर्ण मोकळी आहे, आणि ड्रिल मशीन कसे धरायचे ते मी तुला शनिवारी दाखवतो.

तुझा,
बाबा