रोजनिशी सुरू करताय? आधी वेळ ठरवा

रोज पानभर लिहायचा हट्ट नको. १० मिनिटं किंवा ५ ओळी पुरेत. फक्त वेळ एखाद्या ठरलेल्या कामाला जोडा: रात्री दात घासून झाले की वही उघडायची. आणि ती कुणाला दाखवायची नाही हेही आधीच ठरवा, नाहीतर माणूस वाचणाऱ्यासाठी लिहायला लागतो.

वही बंद पडते ती बहुधा ‘आज विशेष काही घडलं नाही’ या वाक्यापाशी. दिवसभराचा अहवाल लिहूच नका, एकच क्षण घ्या. ‘आईशी वाद झाला’ एवढ्यावर थांबलात तर पुढे काही सुचणार नाही. ‘मी बोलत होतो आणि आई त्याच ताटावरून तिसऱ्यांदा फडकं फिरवत होती’ असं लिहिलंत, की ‘ती गप्प का होती?’ हा प्रश्न आपोआप येतो. खरं लिखाण तिथून सुरू होतं.

खंड पडला तर मागची पानं भरत बसू नका. आजची तारीख घाला, पुढे चला.

अर्थ लगेच सापडत नाही, धीर धरा. पहिले ३० दिवस मागचं वाचू नका, खाडाखोडीचा मोह होतो. मग सगळं सलग वाचा आणि पुन्हापुन्हा येणाऱ्या गोष्टींपाशी समासात पेन्सिलीने खूण करा. जिथे खुणा जास्त, तो पुढच्या महिन्याचा पहिला विषय.