निटमिलूकला कधी जावं, आणि ते कुणाचं?

प्रश्न : मुलगी ऑस्ट्रेलियात डार्विनला असते. नाताळात आम्ही तिच्याकडे जाणार आहोत. निटमिलूक राष्ट्रीय उद्यानात कॅथरीन नदीत स्वतः होडी वल्हवता येते म्हणे. मगरींचं काय? आणि उद्यान सरकारचं की आदिवासींचं?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : वल्हवायचंच असेल तर नाताळ सोडा, जून ते ऑगस्टमध्ये जा. तिकडचा पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. म्हणजे आपल्या पावसाळ्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या पातळीकडे आपले डोळे लागतात, तेव्हा तिकडची नदी निवांत असते. पावसाळ्यात पाणी चढलं की खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या मगरी वर, उद्यानातल्या नदीच्या खडकाळ घळींपर्यंत येतात. या मगरी माणसांवर हल्ला करतात. पूर ओसरल्यावर रेंजर पात्र तपासतात, पिंजरे लावून त्या काढतात, मगच नदी होड्यांसाठी खुली होते. त्यामुळे हंगामाची तारीख दरवर्षी मागेपुढे होते; तिकिटं काढण्याआधी विचारून घ्या.

गोड्या पाण्यातल्या निमुळत्या तोंडाच्या मगरी मात्र बारमाही असतात. डिवचल्याशिवाय सहसा वाटेला जात नाहीत. कोरड्या हंगामात त्या वाळूत अंडी घालतात, म्हणून काही वाळूचे काठ बंद ठेवतात. तिथे उतरू नका.

एकूण 13 घळी. दोन घळींच्या मध्ये खडक, तिथे होडी उचलून न्यावी लागते. हंगाम सरत आला की पाणी उतरतं आणि ही हमाली वाढते. चांगली पकड असलेली पादत्राणं हवीत. चपलांचं इथे काम नाही. मोबाइल झाकणबंद डब्यात ठेवा.

आता मालकी. आपल्या भाषेत, सातबारा तिथल्या जावॉयन आदिवासींचा, भाडेपट्टा सरकारचा. त्यांनी 1978 मध्ये जमिनीवर दावा लावला, 10 सप्टेंबर 1989 रोजी मालकी मिळाली आणि त्यांनी ती जमीन 99 वर्षांच्या पट्ट्याने उद्यानासाठी परत दिली. ही मालकी विकता येत नाही. कारभार मंडळात बहुमत जावॉयनांचं. शिकार, कंदमुळं, विधी हे हक्कही शाबूत. आपल्याकडे अभयारण्य झालं की गावानं उठायचं, एवढंच ठाऊक असलेल्यांनी हे जरूर पाहावं.

मे-जूनमध्ये गेलात आणि धूर दिसला तर घाबरू नका. गवत पुरतं वाळण्याआधी तुकड्यातुकड्यानं मुद्दाम जाळतात, म्हणजे पुढे मोठा वणवा पेटत नाही.