सत्काराचे नारळ

प्रश्न : ताई, आई जाऊन आठ महिने झाले. बाबा निवृत्त इंग्रजीचे प्राध्यापक, कथा लिहितात. यंदाच त्यांना जीवनगौरव मिळाला आणि सांगली-मिरजेत सत्कारांची रांग लागली. कडक इस्त्रीचा झब्बा घालून जातात, स्टेजवर लोकांना हसवून सोडतात. घरी मात्र चकार शब्द नाही, आईचं नावही काढत नाहीत. आत्या म्हणते, वर्षश्राद्ध व्हायचंय अजून आणि हा हार घालून मिरवतोय. सत्काराचे नारळ ओट्याखाली पडून आहेत. आईने त्याच दिवशी वड्या थापल्या असत्या. मी दोन गल्ल्या सोडून राहते. मला बाबांचा राग येतो. त्यांना थांबवू का?
– एक लेक, विश्रामबाग

उत्तर : थांबवू नकोस.

इंग्रजीचे प्राध्यापक म्हणजे अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन त्यांना माहीत असणारच. धंद्यात बुडालेला हा माणूस साठीला कर्ज फेडायला जगभर व्याख्यानं देत फिरला. जानेवारी १८९६ मध्ये मुंबईकरांनाही हसवून गेला. त्याच ऑगस्टमध्ये तो इंग्लंडात असताना थोरली लेक सूझी तिकडे अमेरिकेत मेंदूज्वराने गेली, अवघ्या चोविसाव्या वर्षी. १९०४ मध्ये बायको गेली. त्याचा तो प्रसिद्ध पांढरा सूट त्यानंतरचा, आणि ऑक्सफर्डची मानद पदवी १९०७ ची. १९०९ च्या डिसेंबरात ‘ट्वेन मरायला टेकला’ अशा बातम्या आल्या, त्यांची त्याने जाहीर टिंगल केली. त्याच आठवड्यात, नाताळच्या आदल्या दिवशी, धाकटी जीन घरातच गेली. मग हा विनोदी लेखक दिवसचे दिवस तिच्याविषयीच लिहीत बसला. याला बायकामुलींचं काही वाटत नव्हतं, असं कोण म्हणेल?

आणि लांब कशाला, तुमच्या सांगलीतच जन्मलेले वि. स. खांडेकर. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली होती, आणि मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ आलं तेही त्याच काळात, १९७४ चं. नको म्हणायला हवं होतं का त्यांनी?

खरी पंचाईत स्टेजवर नाहीच, परतल्यावर आहे. शाल, नारळ, पुष्पगुच्छ सावरत रिक्षातून उतरायचं आणि खिशातली किल्ली काढून कुलूप आपणच उघडायचं. आत ‘कसा झाला कार्यक्रम?’ विचारणारं माणूस नाही. म्हणून भावे नाट्यमंदिरात सत्कार असो की गल्लीतल्या मंडळाचा, जमेल तेव्हा सोबत जा. नाही जमलं, तर ते परतायच्या वेळी घरी हजर राहा. चहा टाक, हशा कुठे पडला ते विचार. आईचा विषय तूच काढ. तू रडशील म्हणून ते गप्प आणि ते खचतील म्हणून तू गप्प, असं चाललंय तुमचं! नारळ फोड, बाबांना खोबरं खवायला बसव. वड्या बिघडल्या तरी चालतील. महिन्याला किती कार्यक्रम घ्यायचे ते मात्र त्यांनाच ठरवू दे. जेवण, झोप तुटली असेल तर डॉक्टरांकडे ने, त्यात चालढकल नको.

तुझ्या रागाचं म्हणशील, तर त्यांची विचारपूस अख्खं गाव करतंय. तुझी आई गेली, हे तुला कुणी विचारलं? एखाद्या मैत्रिणीपाशी, मावशीपाशी मन मोकळं कर. ते बाबांकडून होणार नाही, निदान आत्ता तरी.

राहता राहिल्या आत्याबाई. वर्षभर घरात मंगलकार्य करत नाहीत हे खरं, पण सत्कार म्हणजे काही मुंज नव्हे. पुढच्या कार्यक्रमाला त्यांनाच रिक्षात घालून ने आणि पहिल्या रांगेत बसव. भावाचं भाषण त्यांनी अजून ऐकलेलं दिसत नाही.